तीन पट्टे आणि चार किलो रद्दी

प्रति,
नागपुरातले समस्त वस्ताद,
कराटे-तायक्वांदोचे सर आणि मॅडम,
व्यायामशाळांची विश्वस्त मंडळी

राजेहो, सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी महालातल्या रद्दीवाल्याने मला हाक मारली. "काकाजी, हे तुमच्याच आखाड्याचं हाय का पाहा बरं." तराजूवर कापडी पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. एक माझ्या हाती लागली, बाकीच्या आदल्याच दिवशी ट्रकमध्ये गेल्या होत्या. उरलेल्या वहीसोबत पावतीपुस्तकं आणि दोन फुटकी फ्रेम, सगळं मिळून चार किलो. साठ रुपये देऊन मी ते घरी आणलं.

आखाड्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण त्या एकाशी होईल, आणि मला तर तुम्हा सगळ्यांशी भांडायचं आहे. झालं ते एवढंच, की विश्वस्तांनी लाल मातीचा हौद बुजवून फरशी घातली, ट्रेडमिल आणल्या आणि त्या गडबडीत जुनं कपाट रिकामं केलं. ट्रेडमिलशी माझं वैर नाही, माझी सूनही तिच्यावर पळते. पण कपाट रिकामं करताना आत काय आहे हे एकानेही उघडून पाहिलं नाही, हे मला अजून पचत नाही.

ती वही १९६८ ते १९८४ची हजेरी आणि वर्गणीची आहे. रकाने असे: नाव, वय, मोहल्ला, वर्गणी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आमच्या वस्तादांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. "मॅट्रिक. सहा महिने रजा." "लग्न झाले." "हात उतरला, आईने नेले." "बल्लारपूरला पेपर मिलमध्ये लागला." एकापुढे फक्त "पळाला." मोहल्ल्याचा रकाना तर मी तीन-चार वेळा वाचला. जुनी शुक्रवारी, गाडीखाना, तेलीपुरा, पाचपावली, भानखेडा, मोमिनपुरा. मोमिनपुऱ्याची चार पोरं सलग पाच वर्षं येत होती, मग एका पानानंतर एकही नाही. चौघांपुढेही शेरा कोरा. वस्ताद पळालेल्यापुढे "पळाला" लिहायला चुकत नसत, मग इथं त्यांनी हात का आखडता घेतला, हे त्यांना विचारायला हवं होतं. आता ते नाहीत.

हा झाला एका आखाड्याचा इतिहास, रद्दीच्या भावात. आता तुमच्या फ्लेक्सकडे वळतो.

कुणाच्या फ्लेक्सवर "शिवकालीन परंपरा", कुणाच्या "भोसलेकालीन आखाडा", आणि कराटेवाल्यांची तर पाच हजार वर्षांच्या खाली बातच नाही. "स्थापना" या शब्दापुढे नुसतं एक साल लिहायला काय जातं? तुमच्यापैकी अनेकांचे क्लास तीस-चाळीस वर्षं चालू आहेत. भाड्याच्या हॉलमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात, पावसात छत्री धरून पोरांना चाळीस वर्षं शिकवणं ही लहान गोष्ट आहे का? मग ती सोडून कांचीपुरमला कशाला जायचं?

कांचीपुरमचं सांगतो, कारण हा गुन्हा मीही केला आहे. आखाडा सोडून मी कराटेकडे गेलो, पुढे शिकवायलाही लागलो, आणि दर नव्या बॅचला वीस वर्षं मी हीच गोष्ट सांगत आलो: बोधिधर्म नावाचा आपला कांचीपुरमचा भिक्षू चीनला गेला, त्याने शाओलिन मठातल्या भिक्षूंना विद्या दिली, तिचंच पुढे कराटे झालं, म्हणजे पोट्टेहो, हे मूळचं आपलंच आहे. पोरांच्या छात्या फुगायच्या. माझीही फुगायची. पुढे वाचल्यावर कळलं, की बोधिधर्माचं नाव व्यायामविद्येशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. बोधिधर्म ध्यानाचा माणूस. ठोसे त्याच्या नावावर नंतर जमा झाले.

खरा इतिहास त्याहून रंगतदार आहे. ओकिनावा बेटावर इतोसू आन्को नावाच्या शिक्षकाने १९०१च्या सुमारास कराटे शाळेच्या तासात आणलं, म्हणजे आपल्या भाषेत पीटीच्या तासात. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं. "कराटे" लिहिताना आधी "चिनी हात" असा अर्थ निघे. १९३६ साली ओकिनावाच्या गुरुजनांनी एकत्र बसून अक्षर बदललं आणि अर्थ "रिकामा हात" असा झाला. ड्रेस आणि काळा पट्टा हे ज्यूदोकडून उसने घेतलेले. हिरवे-निळे-तपकिरी पट्टे, ज्यांच्या परीक्षेची फी भरता भरता आईबाप मेटाकुटीला येतात, ते युरोपात १९३०च्या दशकात रूढ झाले. म्हणजे पुष्कळांच्या आजोबांचं वय त्या पट्ट्यांहून जास्त.

आणि ज्यूदो? कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांएवढ्या जागेत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी. बारा चटया, नऊ पोरं! हे आपल्याला आज माहीत आहे, कारण तिथं प्रवेश घेणाऱ्याचं नाव नोंदवायची वही होती आणि ती कुणी रद्दीत घातली नाही.

आता आपलं पाहू. पश्चिम महाराष्ट्रात म्हणतात तालीम, आपण म्हणतो आखाडा, आणि पाटीवर छापताना व्यायामशाळा. भोसल्यांच्या दरबारात पहिलवान आणि पट्टेबाज होते हे आपण सगळेच सांगतो. नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, १८५३मध्ये तिसरे रघुजी गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. दरबार गेला तसा दरबारावर पोसलेल्या माणसांचा खुराकही गेला. मग १८७८चा हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. मला वाटतं, आपल्या आखाड्यांचं आजचं रूप ठरवण्यात या कायद्याचा हात कुठल्याही वस्तादाहून मोठा आहे. तलवार गेली, फरी-गदका, म्हणजे ढाल आणि काठी, राहिला. भाला गेला, बोथट टोकाची बोथाटी राहिली. लाठी तर गुराख्याच्याही हातात असते, तिला कोण अडवणार? दांडपट्टा मिरवणुकीपुरता उरला, लिंबू कापायला.

इथून दीडशे किलोमीटरवर अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ते हेच. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचा चमू तिथं जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. त्यांना कुणी विचारलं, कधीपासून? तर ते सांगतात, १९१४. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी व्यायामाचा ज्ञानकोश दहा खंडांत काढला, त्यात मल्लखांबाच्या उड्यांपासून जंबिया या वाकड्या कट्यारीच्या हातांपर्यंत, म्हणजे डावांपर्यंत, सगळं चित्रांसकट आहे. नागपूरचा वाटा? आपण फ्लेक्स छापले.

खरं तर १९२० ते १९४५ या पंचवीस वर्षांत नागपुरात लाठीच्या अंगाने जेवढं घडलं तेवढं फार थोड्या शहरांत घडलं असेल. १९२०च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं, तेव्हा व्यवस्थेला स्वयंसेवकांची दलं उभी राहिली. १९२५ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला. सुरुवातीच्या दिवसांत स्वयंसेवकांनी आखाड्यात जावं अशी अपेक्षा असे आणि अण्णा सोहोनी दंड शिकवत. त्याच काळात बाबासाहेब आंबेडकरांचं समता सैनिक दल वस्त्यावस्त्यांत कवायत करत होतं. जुलै १९४२मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत मोहन पार्कात जी मोठी परिषद झाली, तिच्या जोडीने दलाचीही परिषद झाली. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षेच्या मैदानावर लाखोंच्या गर्दीला शिस्त लावणारे दलाचेच सैनिक होते. वस्तीतल्या कुस्तीबद्दल आणि लाठीबद्दल वसंत मून यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, म्हणून तेवढं तरी उरलं. आणि १९३९ साली मगनलाल बागडी यांनी हिंदुस्थान लाल सेना उभारली. बेचाळीसच्या आंदोलनात तिची पोरं रस्त्यावर उतरली आणि शंकर महाले १९४३मध्ये नागपूरच्या तुरुंगात फासावर गेला.

संघ, दल आणि लाल सेना, एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या तिन्ही बाजू. लाठीचे हात मात्र तेच, शिर, तमाचा, बाहेरा. ते त्यांना कुणी शिकवले? कुठल्या हौदाच्या काठावर? एकाच वस्तादाकडे सकाळी एक बाजू आणि संध्याकाळी दुसरी बाजू शिकत होती, असं आमचे वस्ताद हसत हसत सांगायचे. मी तेव्हा नाव विचारलं नाही. वय वर्षं बारा. मोहरमच्या मिरवणुकीत लाठी-पट्टा खेळणारे उस्ताद आणि रामनवमीच्या शोभायात्रेत खेळणारे वस्ताद एकमेकांचे हात ओळखायचे, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इतवारीच्या कोपऱ्यावर उभं राहून आमचे वस्ताद समोरच्या पट्टेबाजाकडे बघत पुटपुटले होते, "हा हात भानखेड्याचा."

एका गोष्टीत मात्र आखाड्याची बाजू मी घेणार नाही. माझी थोरली बहीण मला न्यायला यायची तेव्हा तिला दाराबाहेर उभं राहावं लागे, कारण आत बजरंगबली आणि आम्ही लंगोटावर. ती खिडकीच्या गजांतून मल्लखांब बघायची आणि घरी जाऊन जिन्याच्या कठड्यावर करून बघायची. १९३६ साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, तिथं मुलींच्या हातात लाठी आणि छुरिका आली. पण ते शाखेपुरतं. महालातल्या आमच्या आखाड्याचं दार बंदच राहिलं. ते दार उघडलं कराट्याने. पूर्ण अंग झाकणारा पांढरा ड्रेस, शाळेचा हॉल, देवाची मूर्ती नाही, जातीचा मोहल्ला नाही, महिन्याची ठरलेली फी आणि छापील पावती. ऐंशीच्या दशकात ब्रूस लीच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहिलेली आम्ही पोरं क्लासला गेलो ती हाणामारीच्या हौसेने. पण चार-सहा वर्षांत आमच्या ओळीत मुली उभ्या राहिल्या आणि त्यातली एक माझ्याआधी ब्लॅक बेल्ट झाली. मॅडमहो, तुम्ही ज्या आज क्लास चालवता, त्यांनी हे लिहा. पहिली मुलगी कोणत्या साली आली, किती दिवस एकटीच होती, तिचा बाप काय म्हणाला. पाच हजार वर्षांपेक्षा हे मला ऐकायला आवडेल.

आता कामाचं बोलतो. इतिहासाचं प्रेम सगळ्यांना नसतं हे मला कळतं, पण जागेचं प्रेम सगळ्यांना असतं.

आपल्या आयुष्यात पट्टे तीन. एक दांडपट्टा, ज्याला २०२४मध्ये सरकारने राज्यशस्त्र म्हणून मान दिला. दुसरा कमरेचा, काळा. आणि तिसरा जागेचा पट्टा, म्हणजे भाडेकरार, जो या दोघांना पोटात घालतो. नागपुरात कितीतरी आखाडे नझूलच्या, म्हणजे सरकारी, जागेवर, नाहीतर सुधार प्रन्यासच्या मोकळ्या जागेवर, नाहीतर कुणा मालगुजाराने तोंडी दिलेल्या तुकड्यावर उभे आहेत. पट्ट्याची मुदत संपते, नूतनीकरण होत नाही, विश्वस्तांपैकी दोघं वारलेले, तिसरा पुण्याला मुलाकडे, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, वर्षानुवर्षं दाखल नाही. मग एक दिवस नोटीस येते. तुम्ही वकिलाकडे जाता आणि सांगता, "साहेब, आम्ही आजोबांच्या काळापासून आहोत." वकील विचारतो, "कागद?"

तो कागद म्हणजे ही वही. १९५२ सालच्या वर्गणीची एक पावती, त्यावर आखाड्याचा शिक्का आणि मोहल्ल्याचं नाव, म्हणजे त्या साली तुम्ही तिथं होतात याचा पुरावा. नागपंचमीच्या कुस्तीच्या दंगलीची छापील पत्रिका, त्यावर "स्थळ" म्हणून तुमचाच हौद. विजेच्या मीटरचं जुनं बिल. हे सगळं तुम्ही किलोवर विकता आणि मग कोर्टात शिवकाल सांगता. कोर्ट शिवकालाची तारीख देत नाही, पुढची तारीख देतं.

कराटेवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे जागा नाही म्हणून जागेचं भांडण नाही, पण संघटनांचं आहे. एका शहरात एकाच खेळाच्या चार संघटना, चौघींचे शिक्के वेगळे, आणि चारही "अधिकृत". सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, म्हणून प्रमाणपत्राला किंमत आहे आणि म्हणूनच त्यात खोटंही शिरलं. ज्या सरांकडे प्रत्येक परीक्षेची तारीख, परीक्षकाचं नाव आणि बसलेल्या मुलांची यादी वहीत आहे, त्यांच्या पोरांना पडताळणीच्या वेळी घाम फुटत नाही. बाकीच्यांच्या पोरांचं काय होतं ते तुम्हीही पाहिलं आहे.

मी मागतो ते फार नाही. कपाट उघडा. जुने फोटो भिंतीवरून उतरवा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलने, डावीकडून उजवीकडे, कोण कोण आहे ते लिहा. पेन्सिलनेच, शाई पुढे उमटते. जे ओळखू येत नाहीत त्यांच्या जागी रेघ ओढा, नाव बनवू नका. ऐंशीच्या पुढचे जे वस्ताद अजून दुपारी ओट्यावर बसलेले असतात, त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि विचारा: तुम्हाला कोणी शिकवलं, त्याला कोणी शिकवलं, माती कुठून आणायचे, तेल-हळद-ताक किती घालायचे, दंगलीत बिदागी काय मिळायची, कोणाला आत येऊ देत नव्हते. शेवटचा प्रश्न गाळू नका. उत्तर अवघड आलं तरी तसंच ठेवा.

धर्मादाय कार्यालयातून आपल्या संस्थेच्या नोंदणीचा उतारा काढा. पुष्कळांना आपलं खरं स्थापनेचं साल तिथं पहिल्यांदा भेटेल. मग भिंतीवर पाटी लावा: साल, जागा कितीदा बदलली, कोण कोण शिकवून गेलं, मध्ये किती वर्षं कुलूप होतं. कुलपाची वर्षंही लिहा. बंद पडून पुन्हा सुरू झालेला आखाडा कधीच बंद न पडल्याचं सोंग करणाऱ्या आखाड्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणि ज्यांना हे ठेवायला जागाच नाही, त्यांनी टाकून देण्याआधी कुणाला तरी विचारा. शहरात विदर्भ साहित्य संघ आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे, जुनी वाचनालयं आहेत. १८६३ सालचा आपला अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, आहे, तिथं शस्त्रांचं दालनही आहे. काचेआड पाती ठेवलेली आहेत, ती फिरवणाऱ्या हातांचा हिशेब मात्र आपल्या कपाटांत पडून आहे. केंद्राने खेलो इंडियात पंजाबचा गटका, केरळचं कलरीपयट्टू, मणिपूरचं थांग-ता आणि मल्लखांब घेतले. आपला दांडपट्टा त्यात नाही. उद्या कुणी म्हणालं, घेऊ, पण याचे हात, याचे नियम, याची गुरुपरंपरा लिहून द्या, तर नागपूरच्या वतीने काय देणार? फ्लेक्स?

माझी वही मी स्कॅन करून घेतली आहे. ज्यांचे वडील, काका, आजोबा त्या आखाड्यात होते त्यांनी येऊन पान बघावं, शेरा वाचावा. काही शेरे बोचरे आहेत, त्याची जबाबदारी वस्तादांची.

विश्वस्तांना एक शेवटची विनंती. वहीच्या उत्तरार्धात, १९८२च्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे. पुढे शेरा: "कराटेला गेला. वर्गणी बाकी रु. २." ट्रेडमिल बसवलेल्या संस्थेत ही बाकी कोणत्या खात्यात भरायची, तेवढं कळवावं.

आपला,
एक जुना पठ्ठा,
जुनी शुक्रवारी, नागपूर